कापरामागं फिरलेला डोळा

अहो, आज मी तुमच्या नावावर एक खोटं बोलणार आहे. आधीच सांगून ठेवते, मागनं स्वप्नात येऊन भांडायचं नाही. ऋतूला सांगणार आहे की त्या दिवशी दुपारी जेवताना पप्पांनी माझ्याजवळ होकार दिला होता, 'पोरगीला जाऊ दे' म्हणाले होते. तुम्ही तसलं काहीही म्हणाला नव्हतात. तुम्ही हात धुतलात, "जरा पडतो, उठलो की सांगतो" म्हणालात आणि उठलाच नाहीत. मी बाहेर शिलाई मशिनवर बसून भांडणाची तयारी करत होते.

आता काय सांगणार होतात, हे मी कुणाला विचारू?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीनं तिकडं फोन करून कळवायचं आहे, येते की नाही. तुमचं पोट ज्यांच्यावर भरलं त्या क्षेपणास्त्रांच्याच प्रयोगशाळेत तिची निवड झालीय, सगळ्या गल्लीत पेढे वाटावेत अशी गोष्ट, आणि ती 'नाही' सांगायचं ठरवून बसलीय. का, तर पप्पांचा शेवटचा शब्द 'नको' होता. पुण्याची नोकरी आहे ती बरी आहे म्हणते, शनिवार-रविवार घरी येता येतं म्हणते. तुमच्या आक्का जोतिबावरनं आल्यात, गुलाल-खोबऱ्याचं दुकान सुनेवर टाकून, त्या पण तिचीच री ओढतात. "बापाचा सबूद हाय सुमन. पोरीला भरीला घालू नको," म्हणतात. मी कुठं भरीला घालते? मी तर तोंडसुद्धा उघडलेलं नाही अजून. पण मला एका जागी बसवत नाही.

खरंच बसवत नाही. दसऱ्याचे ब्लाऊज तसेच पडलेत. बायका दारात येतात, गठ्ठ्याकडं बघून जातात. एक बाही लावते, उठते. आत जाते आणि कशाला आले होते ते आठवत नाही. मग गॅलरीत, तुमच्या टेबलाजवळ. तुमचं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर तसंच आहे. कुणाचा तरी मिक्सर उघडा पडलाय, त्याच्या मालकीणबाई न्यायला पण येत नाहीत आणि मागत पण नाहीत. तिथं उभी राहते, परत आत येते. काल आक्कांनी माझा दंड धरून खाली बसवलं. "पोत्यातल्या मांजरागत काय करालीस," म्हणाल्या. बसले. त्यांनी दंड सोडला की परत उठले.

आणि आज खंडेनवमी. दरवर्षी आजच्या दिवशी तुम्ही हत्यारं पुसून पाटावर मांडायचात, पक्कड, पाने, मीटर, माझं मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मग आरती, आणि आरती झाली रे झाली की तुमची ती गोष्ट. यंदा घट बसवला नाही. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, आक्कांनी आल्या आल्या बजावलंय. आज ती गोष्ट पण होणार नाही. म्हटलं मीच लिहून काढते, हात तरी चालू राहतील.

पेठेत सगळे तुम्हाला फौजी म्हणायचे आणि तुम्ही प्रत्येकाला थांबवून सुधारायचात. फौज नव्हे, एअरफोर्स. बंदूक नव्हे, मिसाईल. विमानाच्या पंखाखाली लावतात ते, गरम जिनसामागं जाणारं. ते तपासायचं, जोडायचं, तयार करून द्यायचं, हे तुमचं काम. एवढं सांगून गप्प व्हायचात. समोरचा माणूस पुढचं ऐकायला तोंड उघडून बसलेला, आणि तुम्ही त्याला विचारणार, "चा घेणार का?"

माझ्याशी तरी कुठं वेगळं होतं. लग्नानंतर तुम्ही पंजाबात आणि मी इथं. कोपऱ्यावरच्या बूथमधनं फोन करायची, मागं रांग लागलेली असायची. "काय केलंसा आज?" "काय न्हाई. डाळ होती." दुसऱ्या वेळी, "कसं चाललंय?" "बरं हाय. आज पण डाळ." मी आईला म्हणायची, माझं लग्न वायुदलातल्या माणसाशी झालंय का मेसच्या आचाऱ्याशी, तेच कळंना झालंय. पुढं ऋतू झाली, फोन घरात आला, मग खिशात आला, तुमचं स्टेशन बदलत गेलं, पण डाळ काही बदलली नाही.

रिटायर होऊन घरी आलात तेव्हा वाटलं, आता बोलतील. बोललात की, पण सगळं यंत्राचं. त्या मिसाईलचा डोळा कसा, मान कशी, पंख कसे. मी इस्त्री करताना ती गालाजवळ धरून बघते, किती तापलीय ते. तुम्ही एकदा ते बघितलंत आणि लहान पोरासारखे उठून आलात. "हेच की ते. हात न लावता तुला कळालं का न्हाई? तापलेल्या वस्तूतनं एक उजेड निघतोय, आपल्या डोळ्याला दिसत न्हाई, तुझ्या गालाला कळतोय. मिसाईलच्या डोक्यात तसला गाल बसवलाय, लय लांबचं कळणारा." मी म्हटलं, "माझ्या गालाला आता मिसाईल म्हणा." तुम्ही चार दिवस म्हणालात. आक्कांसमोर पण म्हणालात, तेव्हा मला कुठं तोंड लपवू असं झालं.

आणि तो डोळा म्हणे थंड करावा लागतो. बर्फापेक्षा कितीतरी थंड, गॅस सोडून. कारण डोळाच गरम असला तर त्याला स्वतःचीच गरमी दिसणार, दुसऱ्याची कुठनं दिसणार? मी तापले की तुम्ही तेच ऐकवायचात. "आधी थंड हो, मग दिसंल." ह्या वाक्यानं मी किती जास्त तापायची हे तुम्हाला कधी कळलं नाही. आत्ताही तापलेलीच आहे. तुम्ही असतात तर तेच म्हणाला असतात, आणि मी हातातली पट्टी आपटली असती.

रंकाळ्याच्या कडेनं मला स्कूटर शिकवत होतात, आठवतंय? तुम्ही मागं बसलेला, मी पुढं घाम पुसत. डावीकडच्या रस्त्यानं एक रिक्षा येत होती. मी ब्रेक दाबायला गेले तर म्हणालात, "दाबू नको. रिक्षाकडं बघ. तुझ्या नजरेत ती पुढं सरकालीय का मागं?" मी म्हटलं, पुढं. "मग ती पुढनं निघून जाणार. मागं सरकली असती तर तू आधी गेली असतीस. पण एकाच जागी उभी राहिल्यागत दिसली आणि नुसती मोठी मोठी होत गेली, तर मात्र जीव घिऊन थांबायचं. ती तुझ्यावरच यालीय." रिक्षा खरंच पुढनं गेली. मग तुमचं सुरू झालं. आपल्याला टक्कर चुकवायची असते आणि मिसाईलला करायची असते, म्हणून ते उलटं करतं. विमानाच्या शेपटीमागं ते धावत सुटत नाही. विमान आपल्या नजरेत एकाच जागी कसं राहील एवढंच बघतं. जरा सरकलं की आधी डोळा वळतो, मग पंख, मग सगळं अंग, आणि विमान पुन्हा जागेवर. तेवढंच करत राहिलं की अंतर आपोआप संपतं. हे सगळं भर रस्त्यात गाडी थांबवून, मागनं लोक हॉर्न वाजवत होते. तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच असली की तुम्ही त्याच हिशेबानं ओरडायचात. "मागं पळू नको, आडवा जा की मर्दा." आपला खेळाडू मागंच पळायचा आणि गोल खायचा, आणि तुम्ही घरी येऊन मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून समजवायचात.

मग मला एक सांगा. छातीत दुखत होतं ते एकाच जागी दुखत होतं ना? गणपतीच्या आधीपासनं. तुम्ही इथं, डाव्या बाजूला हात ठेवायचात. मी म्हणायची, दाखवून येऊ, तुम्ही म्हणायचात, पित्त हाय, झुणका खाल्ला काल. ते सरकत नव्हतं, पुढं नाही, मागं नाही, नुसतं मोठं होत चाललं होतं. गल्लीतल्या प्रत्येक पोराला रिक्षाचा नियम शिकवणाऱ्या माणसाला स्वतःवर येणारं दिसू नये? ह्याचा मला इतका राग येतो की तुमच्या फोटोवरचा हार सरळ करायला गेलेला हात तसाच मागं येतो.

थांबा, दूध उतू गेलं वाटतं.

आले. गेलंच होतं. ऋतूनं गॅस बंद केला आणि माझ्याकडं न बघता ओटा पुसला. ती पण माझ्याकडं बघत नाही हल्ली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी वागते.

तर तुमची गोष्ट. पंजाबातली खंडेनवमी. हत्यारांची पूजा म्हणजे तुमच्या सेक्शनमध्ये मिसाईलची पूजा. टेबलावर एकाचं नुसतं डोकं काढून ठेवलेलं, बाकीचं धड दुसरीकडं, दारूगोळा लांब. जुन्यातलं होतं, गॅसनं थंड न करता चालणारं, शिकाऊ पोरांना दाखवायला ठेवलेलं. सकाळी कुणीतरी ते दाखवायला चालू केलं आणि पूजेच्या घाईत बंद करायचं राहून गेलं. कुणाच्या ध्यानात नाही. त्याला हार घातला, काचेला कुंकवाचं बोट लावलं, ताटात कापूर पेटवला आणि आरती सुरू झाली. तुम्ही टाळ्या वाजवत होता. आणि शेजारी त्याला जोडलेल्या स्पीकरच्या डब्यातनं गुरगुर ऐकू आली.

त्याला गरम काही दिसलं की ते गुरगुरतं, पायलटच्या कानात, होय ना? इथं डब्यातनं. ताट जवळ आलं की गुरगुर वाढायची, लांब गेलं की कमी. तुम्ही वाकून बघितलंत, तर काचेच्या आत त्या डोळ्याचा आरसा भोवऱ्यासारखा गरगर फिरत होता आणि फिरता फिरता कापराच्या मागं कलत होता. ताट डावीकडं, डोळा डावीकडं. ताट वर, डोळा वर. एकेकाच्या टाळ्या थांबल्या. आरती म्हणणारा तेवढा डोळे मिटून म्हणत होता, त्याला काही पत्ताच नाही, तो गोल गोल ओवाळतोय आणि ते मुंडकं गोल गोल बघतंय. "देवाला एवढं ओवाळलं जन्मभर," तुम्ही म्हणायचात, "पर ओवाळल्यावर बघणारा पहिलाच."

इथवर सगळे हसायचे. पुढचं तुम्ही सगळ्यांना सांगायचा नाहीत. कापूर विझला तशी गुरगुर थांबली, आणि तो डोळा रिकामाच इकडं तिकडं जात राहिला. वर, खाली, परत वर. "बिचारं शोधालतं," म्हणायचात. "फिरताना बघून मला हसू आलतं. शोधताना बघून भ्या वाटलं."

आणि मी दर वेळी म्हणायची, "थापा मारतासा." जोतिबाची शपथ घ्यायचात, तरी मी म्हणायची, थापा. कापराच्या मागं मिसाईल, वर कुंकू लावलेलं. तुम्ही चिडायचात, मग हसायचात आणि पुढच्या वर्षी परत सांगायचात, जणू काही मी पहिल्यांदाच ऐकतेय. आज मी रिकामी ह्या खोलीतनं त्या खोलीत जाते, कशाकडं तोंड करायचं कळत नाही, तेव्हा ते मुंडकं आठवतं. थाप असली तरी चांगली होती हो.

मागं त्या लढाईच्या बातम्या चालू होत्या, टीव्हीवर माणसं ओरडून ओरडून मिसाईल दाखवत होती. मंडळाची पोरं हार घेऊन तुमच्याकडं आली. तुम्ही हार घेतला नाहीत. "मी नट आवळलेत रं पोरांनो," म्हणालात आणि टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसलात. मी चहा घेऊन आले आणि विचारलं, तुम्ही तयार करून दिलेलं कधी कुणाला लागलं का? पहिल्यांदाच विचारलं, इतक्या वर्षांत. तुम्ही बराच वेळ चहा ढवळत बसलात, साखर कधीच विरघळून गेली होती. "आमाला सांगत न्हाईत," म्हणालात. मग म्हणालात, "त्या डोळ्याला माणूस दिसत न्हाई सुमन. ऊब दिसतीया. कुणाची ते त्यो इचारत न्हाई."

म्हणून मला वाटतं, तुमचं 'नको' तिथनंच आलं असणार. पोरीच्या हाताला ते लागू नये म्हणून. तसं असेल तर तसं बोलायचं ना. ती काही कुक्कुलं बाळ नाही. तिनं पण विचार केला असेल, नसेल तर केला असता. तुम्ही नुसतं 'नको'. मी म्हटलं, तुम्ही वीस-बावीस वर्षं तेच केलंत, मग पोरीला का नको? "नको म्हटलं न्हवं." ती ताटावरनं उठून गेली, तुम्ही पण अर्धी भाकरी टाकलीत, आणि मी त्या दोन ताटांमध्ये मांजरासारखी बसले. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग त्या सकाळी तुम्ही तिला स्कूटरवरनं स्टँडला सोडायला गेलात, पुण्याच्या गाडीला. येऊन म्हणालात, "बोललो तिच्यासंगं." काय बोललात? "जेवतो आधी." मग जेवलात. मग पडलात. ती कराडला उतरून परतीची गाडी पकडून आली तोवर घरात माणसं मावत नव्हती.

तिला मी विचारलं नाही, तुम्ही काय बोललात ते. धीर होत नाही. 'नको'च म्हणाला असणार, म्हणून तर ती अशी बसलीय. आता ह्यावर माझ्याकडं एकच उपाय आहे, आणि तो तुम्हाला वरती सांगितलाय.

आक्का हाक मारतात. जाऊन येते.

आता संध्याकाळ झालीय. दुपारपासनं काय काय झालं ते सांगते, तुम्ही ऐकाच.

आक्कांनी हाक मारली होती ती गॅलरीतनं. जाऊन बघते तर तुमचं टेबल त्यांनीच पुसून काढलेलं. पाटावर पक्कड, पाने, मीटर, मधोमध सोल्डरिंग आयर्न. मी म्हटलं, "आक्का, वर्षाच्या आत सण न्हाई म्हणालासा न्हवं?" तर म्हणतात, "सण कोण करालंय? हत्यारं उपाशी ऱ्हायला नगोत. त्येनं कवा ठेवली न्हवती." आणि पदर डोळ्याला लावला. तुमची आक्का, घरात कुणी रडलं की दटावणारी. मग मी पण उठले. खालच्या काकूंच्या दारातल्या माळेतनं एक झेंडू तोडून आणला, विचारलं पण नाही.

आरतीचं ताट ऋतूच्या हातात दिलं. आरती म्हटली नाही कुणी, नुसतं ओवाळलं. कापूर पेटला आणि ती ताट गोल फिरवायला लागली, आणि अहो, माझे डोळे त्याच्या मागं फिरायला लागले. डावीकडं, वर, उजवीकडं. ऋतूचे पण. आक्कांचे पण. आम्ही तिघी त्या जाळाकडं बघत मान फिरवत होतो. मग तो विझला. आणि तिघींपैकी कुणालाच, आता कुठं बघायचं, ते कळेना.

तेवढ्यात मी बोलून टाकलं. पाठ करून ठेवलेलं होतं. "ऋतू, पप्पा त्या दिवशी जेवताना मला म्हणालते, पोरगीला जाऊ दे. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

तिनं ताट खाली ठेवलं. तुम्हाला आठवतं ना, विमानं मागं जळते गोळे सोडतात, खोटी ऊब, मिसाईलला फसवायला, आणि तुम्ही त्याचं घरात काय करून ठेवलं होतंत. पोरीला मार्क कमी पडले आणि ती येताना माझ्यासाठी भेळ घेऊन आली, की तुम्ही कोपऱ्यातनं म्हणायचात, "फ्लेअर सोडला गं फ्लेअर." जुनी मिसाईलं फसायची, आणखी जुनी तर थेट सूर्याकडं निघायची. नव्या डोळ्याला नुसती ऊब नाही, आकार पण दिसतो, तो गोळ्याला भुलत नाही. ऋतू माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, फ्लेअर सोडू नकोस. नवीन डोळा फसत न्हाई."

खोटं बोलायला मला कधी आलंय?

मग ती तिथंच खाली बसली आणि तुम्ही स्कूटरवर काय बोललात ते सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली होती तेव्हा, म्हणे, मागं न बघता बोललात. काम चांगलं हाय. अवघड हाय, कधी कधी मनाला लागतं, पर ते तू तुझं बघशील, तुला डोकं हाय. माझं म्हणणं येगळंच हाय. ह्या कामाचं बाहेर बोलायचं नसतंय, घरी आल्यावर तोंड उघडता येत न्हाई बघ. तुझ्या आईनं जलमभर इचारलं, काय केलंसा आज, आणि मी तिला डाळ सांगितली. सांगण्यासारखी एक आरतीची गोष्ट होती, ती तेवढी दर वर्षी सांगितली. आता कुठं मी घरात हाय, तर तू जाशील, आणि रोज संध्याकाळी तिला डाळ सांगशील. तिच्या वाट्याला दोघांचीबी डाळच का?

एवढंच. मग सिग्नल सुटला.

"आणि मग पप्पाच न्हाईसे..." म्हणता म्हणता ती थांबली. मग म्हणाली, "आता तर तू एकटीच हाईस. म्हणून मी न्हाई म्हणणार होते. तुला सांगितलं असतं तर तू मला ढकलून पाठवलं असतंस."

अहो, माझ्यासाठी? ह्या सगळ्या घोळात मी तुम्हाला किती शिव्या दिल्या, पोरीच्या आड येता म्हणून, आणि तुम्ही 'नको' म्हणत होतात ते माझ्यासाठी? आणि मला विचारलंत का? एकदा तरी विचारायचं, सुमन, तुला चालतंय का? मी सांगितलं असतं की मला डाळ चालते. त्या बूथमध्ये, मागं माणसं खोळंबलेली असताना, 'डाळ होती' एवढं ऐकलं की मला कळायचं की माणूस जेवलाय, धड आहे, आवाज बसलेला नाही. मी तेवढ्यावर आठवडा काढायची. तुम्हाला वाटलं मी उपाशी राहिले. अहो, मी पोटभर जेवत होते.

हे सगळं मी ऋतूला मोठ्यानं सांगितलं, आक्का बघतच राहिल्या. म्हटलं, "जा तू. मनाला लागण्यासारखं काय असेल त्याचा विचार तुझा तू कर, त्यात मी पडत न्हाई. पण माझ्यासाठी म्हणून थांबायचं असेल तर थांबू नको. रोज डाळ सांग. आणि वर्षातनं एकदा, सांगण्यासारखी एखादी थाप मिळाली तर मारत जा."

"पप्पांची थाप न्हवती," ती म्हणाली.

"काय?"

"आरतीची. जुना डोळा असेल आणि चालू असेल, तर कापराच्या मागं फिरणारच. न फिरायला काय झालं?" ती एवढं म्हणाली आणि तुमच्यासारखंच, ताटली हातात घेऊन, आरसा कसा कलत असेल ते मला दाखवायला लागली. आक्का म्हणाल्या, "मी तर पयल्यापासनं खरंच धरलंतं."

घ्या. जिंकलात. आता माझ्यासमोर नाचून दाखवायला पण इथं नाही आहात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला ती तयार नव्हती. तिलाही बसवत नव्हतं, माझीच पोर. तिनं आत्ताच गॅलरीत जाऊन फोन केला. दार लोटून घेतलं. मी आत मशिनवर बसले होते, पाय पॅडलवर, कान गॅलरीत, एक टाका पण घातला नाही. तुमच्या टेबलाजवळ उभी राहून ती हळू आवाजात बोलत होती, बराच वेळ, मध्येच गप्प राहून ऐकत होती. मग दार उघडून आत आली. डोळे पुसलेले होते, पण चेहरा, तालीम मॅच जिंकली की तुमचा असायचा तसा.

मला कुठला धीर धरवतोय. म्हटलं, "काय म्हणाले गं? काय काम देणारेत? कुठल्या भागात?"

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "काय न्हाई गं आई. डाळ होती."

आणि अहो, मी हसले. तुम्ही गेल्यापासनं पहिल्यांदा, मशिनवर डोकं टेकून, आक्का धावत आल्या तोवर हसत होते. मग रडले. मग उठले नाही, तिथंच बसून, राहिलेली बाही पुरी केली.